पिल्लं आधी उत्तर देतात

प्रिय खारुताई,

अक्षर बघून चक्रावू नकोस. आजी म्हातारपणी शाळेत गेलेली नाही. अक्षर तुझ्या आईचं आहे, बडबड माझी. एक्क्याऐंशी वर्षं अक्षरांवाचून निभावलं, आता शिकून कुठल्या परीक्षेला बसायचंय? ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली आहे, तुझ्या कॉलेजातल्या वहीची कोरी राहिलेली पानं घेऊन, आणि मी शेगडीच्या बाजूला खुर्चीत. तिला बजावलंय की मी बोलेन ते सगळं उतरवायचं. गाळायचं नाही, गोड करायचं नाही. सासूचं बोलणं सून नेहमी धुऊनपुसून पुढे पाठवते हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण मीही कुणाची तरी सून होते. हसली बघ आत्ता. हेही लिही म्हटलं. लिहिलंय ना? आज्ञाधारक आहे.

फोन का नाही केला म्हणशील. तीन महिने झाले, तू फोनवर बरी आहेस ना आजी असं विचारतेस आणि मी बरी म्हणायच्या आत ठेवायच्या तयारीला लागतेस. शिवाय आपला फोन जिन्याखाली, आणि तिथून चार पावलांवर तुझ्या बापाची खुर्ची. तो हल्ली कशावरच बोलत नाही, पण त्याचं ते न बोलणं ओल्या लोकरीच्या वासासारखं घरभर भरून असतं. बाकी घरचं सांगायचं तर धुराडं साफ करून घेतलं. तपकिरी मेंढीला जुळं झालं. मधमाश्यावाला शिडीवरून पडला, आणि ज्याने आयुष्यात कुणाला घरात घेतलं नाही तो आता मोडका पाय दाखवत घरोघर फिरतो. माझा डावा कान गेला तो गेलाच. उजवा शाबूत आहे. नको ते ऐकायला एक कान पुरतो.

तुझी मंगळवारी चौकशी आहे हे तू आम्हाला सांगितलं नाहीस. तुझी आई रोज सकाळी मला पेपर वाचून दाखवते. परवा एका बातमीशी ती अडखळली आणि एकदम हवामानावर गेली. मला वाचता येत नाही म्हणून गाळलेलंही कळत नाही, असा तिचा समज. मी तिला मागे आणली आणि सगळं वाचायला लावलं. लांडगीण आणि तिची पिल्लं ज्या बिळापाशी विषाने मेली, ती जागा तुमच्या वनखात्यातल्याच माणसाने बाहेर फोडली म्हणे. संशय तुझ्यावर, कारण त्या डोंगराच्या पायथ्याशी तुझंच घर. तुला कामावरून बाजूला केलंय, आणि मंगळवारी ठरणार की तू कायमची जातेस की वर कोर्टातही उभी राहतेस. चोर सोडून संन्याशाला फाशी. लांडगे हवेत म्हणणारे म्हणतात, घरच्यांसाठी फितूर झाली. नकोत म्हणणारे म्हणतात, मुळात आणले हिनेच. चार वर्षांत या दोघांचं एकमत झालं ते फक्त तुझ्यावर.

इकडे काय चाललंय तेही ऐक. शहरातून आपल्या पत्त्यावर पत्रं येतात, खुनी म्हणून. कोणाला उद्देशून ते लिहिलेलं नसतं, घरालाच शिवी. तुझी आई पहिल्या दोन ओळी वाचते आणि शेगडीत घालते. आणि गावातल्या कुणीतरी आपल्या फाटकावर दारूची बाटली ठेवली, चांगल्यातली, चिठ्ठी नाही काही नाही. तुझ्या बापाने ती उघडून गटारात ओतली आणि रिकामी बाटली परत फाटकावर ठेवली. ती तिथे तशीच आहे. येणारे जाणारे तिच्याकडे बघतात आणि आपल्या घराकडे बघत नाहीत.

मला ती चार वर्षांपूर्वीची सभा आठवते, लांडगे परत आणायचे की नाही ते ठरवायची. शाळेचा हॉल, लहान पोरांच्या खुर्च्या, आणि त्यात दांडगे दांडगे मेंढपाळ गुडघे हनुवटीला लावून बसलेले. तू पुढे उभी, खात्याचं नवंकोरं जाकीट, बाह्या बोटांपर्यंत. तुझा बाप तिसऱ्या रांगेत. तो शहरातला विद्वान पडद्यावर चित्रं दाखवत होता. लांडगा आला की हरणं एका जागी चरत नाहीत, हरणं हलली की झाडं वाढतात, झाडं वाढली की नदी स्वच्छ होते. मागून खाटीक म्हणाला, मग कपडेपण धुतो का विचारा. सगळे हसले, तूही हसलीस. पण तो विद्वान खोटं बोलत नव्हता, आणि खाटीकही नुसती टवाळी करत नव्हता. ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि तिथे प्रत्येकाचं वेगळंच काहीतरी जळत होतं. तुझ्या बापाने एकच प्रश्न विचारला, रात्री मेंढ्यांपाशी कोण राहणार. तुम्ही कुत्र्यांचं सांगितलंत, विजेच्या कुंपणाचं, भरपाईच्या अर्जाचं. त्याने पुन्हा तेच विचारलं, कोण राहणार. पूर्वी एका कळपामागे घरची चार माणसं असायची. आता त्याच्या घरात होतं कोण? एक तो, आणि दुसरी जाकीट घालून समोर उभी. हे तो बोलला नाही. मी त्याची आई, मला ऐकू आलं.

मग तू म्हणालीस, या गावात लांडगे प्रत्यक्ष पाहिलेलं एकच माणूस उरलंय, माझी आजी. आणि मला उभं केलंस. मी म्हटलं, ते इथलेच होते, आपण त्यांना घालवलं, बाहेर काढलेल्याला परत घ्यायचं तर दार आपणच उघडायला हवं. टाळ्या पडल्या. मी स्वतःवर जाम खूश. हात मोजले तेव्हा तुमच्या बाजूला नऊ जास्त भरले, आणि ते नऊ आजीचे, असं तूच घरी येताना म्हणालीस. आपण घालवलं, म्हणाले मी. आपण हा फार सोयीचा शब्द आहे, खारुताई. त्यात एक आख्खी म्हातारी लपते.

आता जे कधी सांगितलं नाही ते सांगते. हाळी तुला मी शिकवली. पाच वर्षांची होतीस. ओंजळ तोंडाशी, मान मागे, आवाज घशातून नव्हे, बेंबीपासून. तू खेळ समजलीस आणि पुढे त्याच खेळावर नोकरी केलीस, त्याच हाळीने डोंगरात पिल्लं मोजत फिरलीस. माझ्या लहानपणी तो खेळ नव्हता. लांडगे होते तेव्हा मेंढपाळाच्या प्रत्येक घरात एक हाळी देणारं माणूस असायचं. दिवस कलला की डोंगराच्या धारेवर जायचं, लांडग्याच्या आवाजात हाळी द्यायची आणि गप्प बसायचं. ते उत्तर देत. कुठून देतात ते ऐकून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी मेंढ्या त्याच्या उलट अंगाला न्यायच्या. त्यांनी कुठे राहायचं, आम्ही कुठे चरायचं, याची ती रोजची बोलणी. आमच्या घरात हाळी माझ्याकडे होती, नऊ वर्षांची असल्यापासून. मोठे लांडगे शहाणे असतात. आवाजात जरा वावगं वाटलं की मिठाची गुळणी धरून बसतात. पण पिल्लांना कुठली अक्कल. पिल्लं आधी उत्तर देतात.

मी अकरा वर्षांची असताना लांडगे संपवायचं फर्मान निघालं. सरकारी बंदूकवाले आले. आठवडाभर डोंगर पालथा घातला, एक शेपूट दिसली नाही. मग कुणीतरी माझ्या वडिलांना म्हटलं, तुमच्या मुलीला विचारा की. वडील मला म्हणाले, रोज देतेस तशीच दे. मी दिली. त्या उन्हाळ्यात तीन बिळं साफ झाली. तिन्ही वेळा पिल्लांनीच सांगितलं आपण कुठे आहोत ते. मला बक्षीस म्हणून पत्र्याचा डबा भरून लिंबाच्या गोळ्या मिळाल्या. मी त्या सगळ्या खाल्ल्या. त्या माझ्या घशाखाली उतरल्या नाहीत असं सांगितलं तर तुला बरं वाटेल, पण उतरल्या, आणि संपल्या तेव्हा वाईट वाटलं. त्यानंतर साठ-पासष्ट वर्षं मी थंडी पडायच्या आधी एकदा धारेवर जाऊन हाळी देत आले. घरच्यांना वाटायचं म्हातारीला वरची हवा मानवते. कुणीही उत्तर दिलं नाही. तुला शिकवली तीही त्यातलीच एक फेरी. तेव्हा सभेत माझा हात वर गेला तो लांडग्यांच्या मायेने गेला असं समजू नकोस. मला वाटलं, परत आणून ठेवले की ती तीन बिळं झालीच नव्हती असं होईल.

मग या वर्षी थंडी सरतानाची ती सकाळ. चौदा मेंढ्या. आकडा तुला माहीत आहे, पण तू आलीस दुपारी, तोवर त्याने त्या ओळीने मांडून वर ताडपत्री घातली होती. सकाळी त्यातली एक जिवंत होती. पोट फाटलेलं. ती त्याने खांद्यावर घेऊन डोंगर उतरून खाली आणली, कारण वर तिला हालांतून सोडवायला त्याच्याजवळ काही नव्हतं. दोन तास लागले. सगळा वेळ ती त्याच्या कानाशी ओरडत होती. तुमच्या खात्याचा माणूस आला, दातांच्या खुणांचं माप घेतलं आणि म्हणाला पावसाने खुणा पुसल्यात, कुत्र्यांचंही काम असू शकेल. अर्ज परत. तो नियमाला धरूनच वागला, हेही मला कळतं. संध्याकाळी जेवताना तू म्हणालीस, बाबा, कुंपणाची वीज बंद होती. आणि तो म्हणाला, "तुझ्या लांडग्याच्या गळ्यात पट्टा आहे, तो आजारी पडला तर डॉक्टर धावत येतो. माझ्या मेंढ्यांना एकटा मी आहे, आणि काल मला झोप लागली." तू ताट तसंच ठेवून निघालीस. तुझी आई ते ताट हातात घेऊन दारात किती वेळ उभी होती ते मी पाहिलंय. हे ती गाळणार होती. लिही.

पुढे लांडगिणीच्या ठावठिकाणा सांगणाऱ्या पट्ट्यातली बॅटरी संपली आणि ती कुठे व्याली ते तू आणि तुझ्याबरोबरचा एक जण, एवढ्यांनाच ठाऊक राहिलं. तुझ्या बापाने तुला दोनदा फोन करून विचारलं. तू सांगितलं नाहीस. तू सांगितलं नाहीस म्हणूनच तो माझ्याकडे आला.

उन्हाळा नुकता लागला होता, दिवस कलत होता. तो माझ्या खुर्चीशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "आई, एकदा हाळी दे. कुठल्या अंगाला आहेत तेवढं कळलं की मी मेंढ्या पलीकडे नेतो." मी म्हटलं माझे गुडघे धारेपर्यंत येणार नाहीत, त्यांचं आणि माझं केव्हाच फाटलंय. तो म्हणाला मी नेतो. अर्धी वाट गाडीने, आणि शेवटचा चढ त्याने मला पाठीवर घेतलं. पन्नाशी उलटलेला माणूस, धापा टाकत. मी म्हटलं, तुला मी अशीच न्यायचे तेव्हा तू माझे केस ओढायचास, मी ओढू का? तो हसला. ताडपत्रीच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा हसला. वर पोचल्यावर त्याने जाकीट काढून दगडावर घातलं, त्यावर मला बसवलं. पहिली हाळी फुटक्या किटलीसारखी निघाली. दुसरी बरी होती. तिसरीला उत्तर आलं.

आधी पिल्लं. पाच तरी. चिरके, कोवळे आवाज, एकमेकांच्या अंगावर चढून ओरडणारे, मी आधी मी आधी करणारे. मग त्यांच्यावर आईचा एकच आखूड आवाज, गप्प बसवणारा. सत्तर वर्षांनी, खारुताई. मी ओक्साबोक्शी रडले. डोळे पुसून बघते तर तुझा बाप उभा होता. मेंढ्या पलीकडे न्यायच्या तर माणूस पलीकडच्या कुरणाकडे बघतो. तो आवाजाकडे बघत होता. हात लांब करून, एक डोळा मिटून, कातळ आणि वाकडं झाड यांच्यामध्ये बोट धरून. माझे वडील अस्संच बोट धरायचे. मी ते पाहिलं आणि मला कळलं. त्या क्षणी मी नको म्हटलं असतं तर तो थांबला असता. मुलगा माझा आहे, मला ठाऊक आहे. मी म्हटलं नाही. चौदा मेंढ्या डोळ्यांपुढे होत्या म्हणून, की त्याने पाठीवर आणलं म्हणून, की उत्तर आल्याने मन इतकं भरलं होतं की त्यात आणखी काही मावत नव्हतं म्हणून, ते रोज स्वतःला विचारते आणि रोज वेगळं उत्तर देते. अकराव्या वर्षी मला फसवलं असं म्हणता येईल. एक्क्याऐंशीव्या वर्षी माणूस फसत नाही, फसून घेतो. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, असं लोक म्हणतात. इथे म्हातारी मेली नाही, आणि तीच सोकावली.

नवव्या दिवशी ती सहा तुला सापडली. तू काय पाहिलंस ते मी तुला सांगायला नको. आपला पांढऱ्या कुत्रा त्याच विषाच्या मांसाने गेला, इथे अंगणात, तुझ्या बापाच्या मांडीवर. त्याने त्याला मेंढवाड्यामागे पुरलं आणि तीन दिवस कुदळ तिथेच पडून होती. गिधाडंही गेली. डोंगरावर आता काही घिरट्या घालत नाही. एक नर तेवढा राहिलाय. संध्याकाळी तो धारेवरून ओरडतो, थांबतो, ऐकतो, पुन्हा ओरडतो. मला त्याला उत्तर देता येईल. मी खिडकी लावून घेते. आणि हे धारेवरचं सगळं लिहिताना तुझ्या आईचं पेन एकदाही थांबलं नाही, याचं तुला नवल वाटत असेल.

तिने हे आधी एकदा लिहिलंय म्हणून थांबलं नाही. मंगळवारी तू तोंड उघडणार नाहीस हे मी ओळखून आहे. ते बीळ हाळीशिवाय सापडणारं नव्हतं, आणि या गावात हाळी येणारी माणसं दोनच, एक तू, एक मी. तुला पहिल्याच दिवशी कळलं असणार. म्हणून फोनवर एवढी घाई करतेस. बापाला वाचवायला आपण बुडायचं, असं ठरवून बसली आहेस. स्वतःला वाचवायचं तर बाप दे, असं मी सांगायला हवं होतं, पण मुलीने बाप द्यायचा की नाही हा घास तुझ्या ताटात पडायलाच नको. तो मी उचलला. काल तुझ्या आईने हेच सगळं, विनोद वगळून, तुझ्या मोठ्या साहेबांच्या नावाने दुसऱ्या कागदावर लिहिलं. मी खाली अंगठा उठवला. आज सकाळच्या टपालाने ते गेलंसुद्धा. लिहिताना ती एकदाच थांबली, त्याचं नाव आलं तिथे. उठून पाणी प्यायली, परत बसली आणि पूर्ण नाव लिहिलं. त्या कागदाने काहीही परत येणार नाही. नवे लांडगे घेऊन खात्याचे पिंजरे आता येणार नाहीत, तुझ्या बापाला नेतील, आणि मेंढ्या विकाव्या लागतील. तू फक्त मंगळवारी विचारतील त्याचं खरं उत्तर दे आणि बुधवारी घरी ये. माझ्यासाठी नको. तुझ्या आईने माझ्या सांगण्यावरून आपल्या नवऱ्याचं नाव लिहिलंय, तिच्याजवळ कुणीतरी असायला हवं. त्याला अजून सांगितलेलं नाही. हे पत्र दुपारच्या टपालात पडेल, आणि दिवे लागायच्या वेळेला तो वरच्या कुरणातून येईल, हात धुईल, पानावर बसेल. आधी त्याला पोटभर जेवू देणार आहे.

तुझीच,
आजी

(अक्षर तुझ्या आईचं. खालचा अंगठा माझा.)